बाळंतपणानंतर केस का गळतात, कधी थांबतात आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

बाळ तीन-साडेतीन महिन्यांचं झालेलं असतं. रात्रीची झोप थोडीफार परत यायला लागलेली असते. आणि एक दिवस न्हाताना हातात केसांचा पुंजका येतो. मग तो रोजच दिसायला लागतो. कंगव्यात केस, उशीवर केस, बाळाच्या दुपट्यावर केस. कपाळाच्या दोन्ही कडांना डोकं विरळ दिसतं, वेणी निम्मी झाल्यासारखी वाटते.

घरात कुणी म्हणतं, बाळ आईला ओळखायला लागलं की केस गळतातच. कुणी म्हणतं, दूध पाजल्यामुळे ताकद गेली. मोबाइल उघडला की एखादं रील ‘सात दिवसांत गळती बंद’ करणारं तेल विकत असतं.

यातलं खरं काय? बहुतेक वेळा ही गळती तात्पुरती असते आणि आपोआप थांबते. पण काही वेळा ती रक्त कमी असल्याची किंवा थायरॉइड बिघडल्याची खूण असते, आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर नुकसान फक्त केसांचं होत नाही. या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, ते समजून घेऊ.

शेगावसारखं तर नाही ना?

वाशिम जिल्ह्यात ही भीती वाटणं साहजिक आहे. पश्चिमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांमध्ये डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून लोकांचे केस अचानक गळायला लागले होते. पुरुष, बायका, मुलं असे सगळेच त्यात होते. डोक्याला खाज सुटायची आणि काही दिवसांत टक्कल पडायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं म्हणजेच आयसीएमआरचं पथक तिथे तपासणीसाठी आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या पाहणीच्या आधारे रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं.

बाळंतिणीची केसगळती यापेक्षा वेगळी असते. ती घरात एकटीलाच होते. ती हळूहळू, आठवडे-महिने चालते. सबंध डोक्यावरचे केस थोडे थोडे विरळ होतात, पण गुळगुळीत टक्कल पडत नाही. डोक्याची त्वचा नेहमीसारखीच असते. खाज, फोड किंवा खपल्या नसतात.

घरातल्या दोघा-तिघांचे केस एकाच वेळी गळत असतील, किंवा केसांबरोबर नखंही ठिसूळ होऊन गळायला लागली असतील, तर कारण बाळंतपण नाही. अशा वेळी लगेच आरोग्य केंद्राला कळवायला हवं.

केसांचं चक्र कसं चालतं?

माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. ते सगळे एकाच वेळी वाढत नाहीत. प्रत्येक केसाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. आधी २ ते ६ वर्षं तो वाढतो. मग दोन-तीन आठवडे वाढ आवरती घेतो. त्यानंतर सुमारे तीन महिने तो मुळाशी नुसता बसून राहतो, आणि शेवटी खालून नवा केस आला की गळून पडतो.

एरवी १०० पैकी १० ते १५ केस या विश्रांतीच्या अवस्थेत असतात. म्हणजे १ लाखापैकी १० हजार केस १०० दिवसांत गळायचे म्हटले, तर रोजचे १०० झाले. म्हणूनच रोज ५० ते १०० केस जाणं सर्वसाधारण मानलं जातं.

गरोदरपणात शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप वाढतं. त्यामुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ टिकून राहतात. जे एरवी गळाले असते, तेही डोक्यावरच राहतात. सातव्या-आठव्या महिन्यात केस दाट झाले असं अनेकींना वाटतं, ते यामुळेच.

प्रसूती झाली की हे संप्रेरक झपाट्याने खाली येतं. थांबून राहिलेले केस मग एकदमच विश्रांतीत जातात. ते लगेच गळत नाहीत, सुमारे तीन महिने मुळाशी बसतात. म्हणून गळती बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी सुरू होते. ‘बाळ ओळखायला लागलं की केस गळतात’ हे म्हणणं वेळेच्या बाबतीत बरोबर आहे, कारणाच्या बाबतीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडतात, एवढंच.

वैद्यकीय भाषेत या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. हे नाव त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये दिलं. बाळंतपण हे त्याचं एक कारण. मोठा ताप, शस्त्रक्रिया, खूप रक्तस्राव, अचानक वजन घटणं यानंतरही दोन-तीन महिन्यांनी असेच केस गळतात. करोनातून बरे झालेल्या अनेकांनी हा अनुभव घेतला. त्यामुळे प्रसूतीच्या वेळी खूप रक्त गेलं असेल, सिझेरियन झालं असेल किंवा नंतर ताप आला असेल, तर गळती थोडी जास्त होऊ शकते.

गंमत म्हणजे याच महिन्यांत बाळाचंही जावळ गळत असतं. जन्मासोबत आलेले केसही असेच एकत्र विश्रांतीत जातात. मात्र बाळाचं डोकं मागून विरळ झालं तर कुणी घाबरत नाही.

गळती किती दिवस चालते?

साधारण चौथ्या महिन्यात ती सगळ्यात जास्त असते. सहाव्या महिन्यापासून बहुतेकींची कमी होत जाते. बाळाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत बहुसंख्य बायकांच्या केसांचा दाटपणा परत येतो. सगळ्यांनाच सारखा त्रास होतो असं नाही. काहींना तो जाणवतही नाही, आणि पहिल्या बाळंतपणात झाला म्हणून दुसऱ्यात तेवढाच होईल असंही नाही.

दोन गोष्टींमुळे मात्र गळती आहे त्यापेक्षा जास्त वाटते.

पहिली म्हणजे न्हाण्याचा दिवस. आठवड्यातून एकदाच केस धुतले आणि मध्ये नीट विंचरले नाहीत, तर सात दिवसांचे गळालेले केस वेणीतच अडकून राहतात. रोजचे १०० धरले तरी ते ७०० होतात, आणि एकदम हातात येतात. पुंजका मोठा दिसला म्हणून तेवढे केस त्या दिवशी गळाले असं नसतं. भीतीपोटी न्हाणं पुढे ढकललं तर पुढच्या वेळचा पुंजका आणखी मोठा होतो.

दुसरी म्हणजे वेणीची लांबी. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. गळालेल्या केसाच्या जागी नवा लगेच येतो, पण तो खांद्यापर्यंत पोचायला दोन-अडीच वर्षं लागतात. त्यामुळे डोक्यावरचा दाटपणा वर्षभरात परत आला तरी वेणीचं टोक त्यानंतरही बराच काळ बारीक राहतं. केस परत येत आहेत का, हे बघायचं तर वेणी बघू नये. कपाळाजवळ बघावं. तिथे बोटभर लांबीचे, उभे राहणारे नवे केस दिसले, तर चक्र नीट सुरू झालं आहे.

खरी काळजी कशाची?

रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४५.७ टक्के आहे. म्हणजे अनेक जणी बाळंतपणाला सामोऱ्या जातात तेव्हाच रक्त कमी असतं. प्रसूतीत ते आणखी जातं.

केसाच्या मुळाशी पेशी वेगाने वाढत असतात. शरीरात लोहाचा साठा कमी पडला की केसांचा नंबर शेवटी लागतो. त्यामुळे नेहमीची तात्पुरती गळती लांबते, किंवा केस परत येताना विरळच येतात.

रक्तक्षयाची इतर लक्षणं अशी: थोडं चाललं तरी दम लागणं, चक्कर, सतत थकवा, डोळ्यांच्या पापण्यांच्या आतली बाजू फिकट दिसणं, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. बाळ रात्री जागवतं म्हणून थकवा येतो, असं धरून चाललं की ही लक्षणं झाकली जातात. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. काही वेळा हिमोग्लोबिन ठीक असतं, पण साठा रिकामा असतो. तो फेरिटिन या तपासणीत कळतो.

दुसरं कारण थायरॉइड. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात १०० पैकी साधारण ५ ते १० स्त्रियांमध्ये थायरॉइड ग्रंथीला सूज येते. आधी काही आठवडे ती जास्त काम करते, मग मंदावते. धडधड, हात थरथरणं, वजन झपाट्याने उतरणं, किंवा त्याउलट वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, उदास वाटणं अशी लक्षणं दिसली तर टीएसएच तपासून घ्यावं.

लोहाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदरपणी १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. पण बाळ झालं की औषध संपलं, असं समजून नंतरच्या गोळ्या अनेकदा डब्यातच राहतात. केस गळण्याचा काळ नेमका याच १८० दिवसांत येतो.

गोळी घेताना या गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

- गोळी आणि चहा यांच्यात किमान तासाभराचं अंतर हवं. चहामुळे लोह अंगी लागत नाही.
- कॅल्शियमची गोळी सोबत घेऊ नये. दोन तासांचं अंतर ठेवावं.
- लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.
- शौचाला काळं होणं सर्वसाधारण आहे. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये.

हिमोग्लोबिन कमी निघालं तर डोस बदलतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

जेवणात काय हवं?

केस प्रथिनांचे बनलेले असतात. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार दूध पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० किलोकॅलरी आणि साधारण १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. बाळंतपणात वाढलेलं वजन उतरवायला एक वेळचं जेवण सोडणं म्हणूनच महागात पडतं. त्यानेही केस गळतात.

१७ ग्रॅम प्रथिनं म्हणजे फार खर्चिक काही नाही. मूठभर शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम, एका अंड्यातून ६ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणातून ५-६ ग्रॅम मिळतात. वाशिम हा सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. सोयाबीनमध्ये प्रथिनं डाळीपेक्षाही जास्त, पण ते बहुतेक सगळं बाजारात जातं. भाजून दळलेलं सोयाबीन पोळीच्या पिठात दहाला एक या प्रमाणात मिसळता येतं. कच्चं मात्र खाऊ नये.

बाळंतिणीचे अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू चांगलेच आहेत. अळिवात लोह असतं. पण लाडूत तूप-गूळ जास्त असतो, म्हणून ते जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत. काही घरांत पथ्य म्हणून डाळी, पालेभाज्या, आंबट फळं बंद करतात. केसांसाठी आणि रक्तासाठी नेमकं तेच लागतं. शेवगा, मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, लिंबू हे ताटात असायला हवं. दूध पाजणाऱ्या आईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार हाही याच गरजेसाठी आहे. तो घरात सगळ्यांमध्ये वाटला गेला तर आईपर्यंत फारसा पोचत नाही.

तेल, शाम्पू, गोळ्या आणि रील

तेल लावल्याने केस मऊ राहतात, गुंता कमी होतो. पण विश्रांतीत गेलेला केस तेलाने थांबत नाही, तो गळणारच असतो. जोरात चोळून मालिश केलं तर सैल झालेले केस एकदमच निघतात. हलक्या हाताने लावलं तर हरकत नाही.

केस ओले असताना विंचरू नयेत, मोठ्या दातांचा कंगवा वापरावा. घट्ट अंबाडा किंवा ओढून बांधलेली वेणी टाळावी. ताणामुळे कपाळाच्या कडेचे केस तुटतात, आणि वर्षानुवर्षं ताण राहिला तर ते परत येत नाहीत.

बायोटिनच्या गोळ्यांची सध्या खूप जाहिरात असते. ज्यांच्यात बायोटिनची कमतरता नाही त्यांना त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. उलट त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीचा निकाल चुकीचा येऊ शकतो. रक्त द्यायला जाताना ही गोळी सुरू असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस वाढण्याऐवजी गळतात. म्हणून ‘थोडं जास्त घेतलं तर काय बिघडतं’ हा विचार इथे चालत नाही.

मिनॉक्सिडिल हे केसांवरचं औषध मेडिकलमधून परस्पर आणून लावू नये. बाळ अंगावर पीत असताना ते साधारणपणे टाळलं जातं, आणि या गळतीत बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

टक्कल बरं करण्याचा दावा औषधावर करण्याला कायद्यातही मनाई आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतल्या ‘शेड्यूल जे’ या यादीत टक्कल आणि नवे केस उगवणं या दोन्हींचा समावेश आहे. आणि अशा तेलांना यश मिळाल्यासारखं का वाटतं? कारण चौथ्या महिन्यात घाबरून तेल आणलं जातं आणि सहाव्या महिन्यात गळती आपोआपच कमी होते. श्रेय बाटलीला मिळतं.

दूध पाजणं बंद करणं हा तर उपाय मुळीच नाही. केस संप्रेरक उतरल्यामुळे गळतात. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध हवं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

- बाळ एक वर्षाचं झालं तरी गळती कमी होत नसेल.
- नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला असेल. याला चाई म्हणतात, आणि तिचा उपचार वेगळा असतो.
- भांग सतत रुंद होत असेल आणि चेहऱ्यावर लव वाढत असेल किंवा पाळी खूप अनियमित असेल.
- डोक्यात खाज, खपल्या, पू किंवा लाली असेल.
- रक्तक्षयाची किंवा थायरॉइडची वर दिलेली लक्षणं असतील. तेव्हा वर्षभर थांबू नये.
- अंतरा इंजेक्शन किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यानंतर गळती वाढली असेल. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावं.

आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच, गरज असेल तर फेरिटिन, एवढ्याने बहुतेक उलगडा होतो. महागडी पॅकेजेस लागत नाहीत.

वाशिममध्ये जायचं कुठे?

सुरुवात गावातूनच होऊ शकते. आशाताई दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा भेटी असतात. केसगळतीचा काळ तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या भेटींमध्येच येतो. बाळाचं वजन सांगताना आईने आपला थकवा आणि गळणारे केसही सांगायला हवेत. ही तक्रार क्षुल्लक नाही.

उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासलं जातं, गोळ्या मिळतात. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांशी बोलता येतं. पुढच्या तपासण्यांसाठी तालुक्याचं सरकारी रुग्णालय आणि वाशिमचं जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. त्वचारोगतज्ज्ञाची गरज पडली तर अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

बाळाची बोटं रोज तपासा

केसगळतीचा एक धोका आईला नसून बाळाला असतो. आईचा गळालेला लांब केस पायमोज्यात, हातमोज्यात किंवा दुपट्यात जाऊन बाळाच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळला जाऊ शकतो. मुलाच्या लिंगाभोवतीही तो अडकू शकतो. रक्तपुरवठा थांबतो, बोट सुजतं, लाल-निळं पडतं. बाळ कशानेच शांत होत नाही आणि कारण सापडत नाही.

म्हणून पायमोजे उलटे करून झटकावेत, आंघोळीच्या वेळी प्रत्येक बोट बघावं, बाळाला घेताना केस बांधलेले असावेत. केस अडकलेला दिसला आणि सहज निघत नसेल, तर ओढाताण न करता लगेच दवाखाना गाठावा.

आणि मनाचं काय?

शरीर बदललेलं, झोप अपुरी, त्यात केस. ‘किती विरळ झाले गं’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याने म्हटलं की ते लागतं. थोडं वाईट वाटणं स्वाभाविक आहे. पण सलग दोन आठवडे रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि ते उपचारांनी बरं होतं. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं.

घरातल्यांना करता येईल असं एक काम आहे. केसांवर बोलण्याऐवजी तिने गोळी घेतली का, जेवली का, दुपारी तासभर झोपली का, हे विचारावं. केस त्यांच्या वेळेला परत येतील. रक्त मात्र आपोआप वाढत नाही.